टाकीच्या तळाशी थांबलेला मासा: भीती, भूक आणि मेंदूतली पेप्टाइडं

झेब्राफिश एका टाकीतून जाळीने उचलून अनोळखी टाकीत सोडला की आधी सरळ खाली जातो. तळाला लागून थांबतो. अंग हलत नाही, कल्ले मात्र भराभर हलत असतात. मधूनच सैरावैरा पोहतो, झटक्यात दिशा बदलतो आणि पुन्हा तळ गाठतो. काही मिनिटं गेली की थोडा वर येतो, पाण्याच्या मध्यावर एखादी फेरी मारतो. काही वाईट घडलं नाही तर पृष्ठभागापर्यंत जाऊन येतो. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये हे पाच-सहा मिनिटांचं चित्रीकरण रोज होत असतं. किती वेळ तळाशी काढला, पहिल्यांदा वर यायला किती वेळ लागला, किती वेळा थिजला, एवढं त्यात मोजतात.

यामागचं कारण निसर्गात शोधावं लागतं. झेब्राफिश हा मूळ आपल्याच उपखंडातला मासा आहे. तो भारत, बांगलादेश आणि नेपाळमधले संथ ओढे, डबकी, भातखाचरांच्या कडेचं उथळ पाणी यांत राहतो. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर लिहिताना 1822 साली त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. वरून बगळा किंवा खंड्या टपलेला, पाण्यात मरळीसारखे शिकारी. अशा जिवाला अनोळखी जागी पृष्ठभाग सर्वांत धोक्याचा. पण खाणंही बरंचसं वरच असतं, पाण्यावर पडलेले किडे, डासांच्या अळ्या. त्यामुळे कायम तळाशी बसून राहिलं तर उपाशी मरायची वेळ येणार.

वर जावं की खाली राहावं हा प्रश्न माशापुढे रोज असतो. त्याचं उत्तर ठरवण्यात मेंदूतल्या काही छोट्या रेणूंचा, पेप्टाइडांचा, मोठा वाटा आहे. मला या संशोधनात सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधीच सांगतो. यातली बरीच पेप्टाइडं एकट्या भीतीसाठी काम करत नाहीत, ती भुकेचंही काम करतात. माशाच्या मेंदूत पोट आणि भीती यांचा हिशेब एकाच वहीत चालतो.

आधी थोडं मोजमापाबद्दल. शास्त्रज्ञ माशाच्या बाबतीत ‘चिंता’ असं न म्हणता ‘चिंतासदृश वर्तन’ म्हणतात, कारण माशाला काय वाटतंय हे विचारायची सोय नाही. समोर शिकारी दिसल्यावर होते ती भीती. शिकारी दिसत नाही, पण असू शकेल, अशा वेळची सावधगिरी म्हणजे चिंतासदृश स्थिती. ती मोजायच्या तीन मुख्य पद्धती आहेत. वर सांगितलेली वर-खालीची चाचणी ही पहिली. दुसरीत अर्धी टाकी काळी आणि अर्धी पांढरी असते. प्रौढ झेब्राफिश आणि गोल्डफिश दोघेही काळ्या भागात रमतात, कारण पांढऱ्या तळावर त्यांचं अंग उठून दिसतं. तिसरीत मासा भिंतीला धरून किती पोहतो आणि मोकळ्या मध्यभागात किती जातो हे पाहतात.

यात एक खोच आहे. अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली झेब्राफिशची पिल्लं नेमकी उलटी वागतात. त्यांना उजेड हवा असतो, अंधार ती टाळतात. म्हणजे ‘काळ्यात जाणं म्हणजे घाबरणं’ असा सरसकट नियम करता येत नाही. वय आणि जात पाहूनच निष्कर्ष काढावा लागतो. सनसनाटी बातम्यांमध्ये नेमकी हीच बाजू गळते.

मग ही चाचणी खरोखर चिंतेशी संबंधित काही मोजते हे कशावरून? माणसांच्या चिंतेवर परिणाम करणारी द्रव्यं माशांना देऊन. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेविन यांच्या गटाने 2007 साली दाखवलं की निकोटिन दिलेले झेब्राफिश तळाशी कमी वेळ काढतात. त्यांनीच 2009 साली बुस्पिरोन हे चिंतेवरचं औषध दिलं तेव्हा मासे ठळकपणे वर आले. क्लोरडायझेपॉक्साइड या माणसांमधल्या जुन्या, नावाजलेल्या औषधाचा मात्र काहीच परिणाम दिसला नाही. मासा आणि माणूस यांच्यात साम्य खरं आहे, पण ते प्रत्येक ठिकाणी तपासून घ्यावं लागतं.

आता पेप्टाइड म्हणजे काय ते पाहू. अमिनो आम्लांची साखळी फार लांब असली तर तिला आपण प्रथिन म्हणतो, आखूड असली तर पेप्टाइड. चेतापेशी आधी एक मोठं प्रथिन बनवते आणि मग विकरं ते ठरावीक जागी कापून त्यातून छोटी पेप्टाइडं काढतात. ती पेशीत बारीक पिशव्यांमध्ये साठवली जातात आणि पेशी जोरात उत्तेजित झाली की बाहेर पडतात. ग्लुटामेट किंवा गाबासारखे नेहमीचे चेतासंदेशक एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे मिलिसेकंदांत निरोप पोचवतात आणि लगेच आवरले जातात. ते कानात सांगितल्यासारखं असतं. पेप्टाइड म्हणजे दवंडी. ते लांबवर पसरतं, बराच वेळ टिकतं, आणि ज्या पेशींवर त्याचं ग्राही प्रथिन आहे त्या सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून अख्ख्या मेंदूची स्थिती बदलायची असते तिथे, म्हणजे भूक, झोप, प्रजनन आणि भीती यांत, पेप्टाइडं सापडतात.

ही पेप्टाइडं फार जुनी आहेत. तणावाचं प्रमुख पेप्टाइड सीआरएच हे 41 अमिनो आम्लांचं आहे. वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली मेंढ्यांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातून ते वेगळं काढलं. त्याच सुमारास कार्ल लेडेरिस यांचा गट कॅनडात सकर जातीच्या माशाच्या शेपटीकडच्या एका ग्रंथीवर काम करत होता. तिथे त्यांना युरोटेन्सिन-1 सापडलं. तेही 41 अमिनो आम्लांचं, आणि त्यातली निम्म्याहून अधिक आम्लं मेंढीच्या सीआरएचमधल्या जागांशी जुळणारी. माशाच्या शेपटीत आणि मेंढीच्या मेंदूत एकाच घराण्यातले रेणू निघाले. एनपीवाय हे 36 अमिनो आम्लांचं पेप्टाइड काझुहिको तातेमोतो यांनी 1982 साली डुकराच्या मेंदूतून मिळवलं, आणि पुढे माशांमध्येही ते फारसं न बदललेल्या रूपात सापडलं. उत्क्रांतीत चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी आपली आणि या माशांची वाट वेगळी झाली, तरी हे रेणू दोन्हीकडे टिकून राहिले.

माशांमधल्या चिंतेचं आणि पेप्टाइडांचं नातं सर्वांत चिकाटीने कुणी तपासलं असेल तर जपानमधल्या तोयामा विद्यापीठातल्या कौहेई मात्सुदा यांच्या गटाने. त्यांचा प्राणी गोल्डफिश. पद्धत अशी: माशाला भूल देतात, कवटीला अगदी बारीक छिद्र पाडतात आणि मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत पेप्टाइडचा सूक्ष्म थेंब सोडतात. मात्रा शरीराच्या प्रत्येक ग्रॅममागे काही पिकोमोल इतकी, आणि पिकोमोल म्हणजे मोलचा एक लाख कोटीवा भाग. मासा शुद्धीवर आला की त्याला चाचणीच्या टाकीत सोडून पाहतात.

सुरुवात त्यांनी भुकेपासून केली होती. कोणतं पेप्टाइड दिलं की गोल्डफिश जास्त खातो, कोणतं दिलं की तोंड फिरवतो, याची मोठी जंत्री त्यांनी तयार केली. मग त्याच पेप्टाइडांनी मासा कसा पोहतो, वर जातो की खाली, हे पाहायला सुरुवात केली. भूक मारणाऱ्या पेप्टाइडांपैकी बरीचशी माशाला भित्रंही करतात असं दिसू लागलं.

अल्फा-एमएसएचचं उदाहरण घेऊ. 13 अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड माशांच्या अभ्यासकांना रंगाच्या संदर्भात फार पूर्वीपासून माहीत होतं. पीयूषिका ग्रंथीतून ते रक्तात आलं की कातडीच्या पेशींमधला काळा रंग पसरतो आणि मासा गडद दिसतो. पण मेंदूतही ते तयार होतं आणि तिथे त्याचा रंगाशी संबंध नसतो. गोल्डफिशच्या मेंदूत ते सोडलं की मासा कमी खातो. तोयामाच्याच गटाने 2021 साली दाखवलं की तो भिंतीला धरून जास्त पोहतो, मोकळ्यात यायला कचरतो. अल्फा-एमएसएचचा निरोप मेंदूत पुढे सीआरएच बनवणाऱ्या पेशींपर्यंत जातो, आणि सीआरएच हे तर तणावाचं मूळ पेप्टाइड. ते दिलेला गोल्डफिशही कमी खातो.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते ओडीएन. त्याची गोष्ट डायझेपामपासून सुरू होते. डायझेपाम, म्हणजे बाजारात व्हॅलियम या नावाने प्रसिद्ध झालेलं औषध, मेंदूतल्या गाबा ग्राहींवर एका विशिष्ट जागी चिकटतं आणि चिंता शमवतं. आता मेंदूत अशी जागा मुळात आहेच कशाला? औषध कंपनीची वाट पाहत तर ती तयार झाली नसेल. त्या जागी बसणारं शरीराचं स्वतःचं काहीतरी असलं पाहिजे, असा तर्क करून अलेसांद्रो ग्विदोत्ती आणि एर्मिनिओ कोस्टा यांच्या गटाने शोध घेतला. 1983 साली त्यांना डायझेपामला त्या जागेवरून हटवणारं एक प्रथिन मिळालं. ते कापलं की त्यातून 18 अमिनो आम्लांचा तुकडा निघतो, तो ओडीएन. अपेक्षा अशी होती की शरीर स्वतःच एखादं शांत करणारं औषध बनवत असेल. निघालं उलटंच. हा रेणू त्याच जागी बसून चिंता वाढवतो.

गोल्डफिशवर तो तपासला तेव्हाही तेच दिसलं. ओडीएन दिलेल्या माशाने टाकीच्या वरच्या भागात यायला जास्त वेळ घेतला. फ्लुमाझेनिल हे औषध डायझेपामची ती जागा अडवतं. ते सोबत दिलं तेव्हा ओडीएनचा परिणाम पुसला गेला. म्हणजे वाट तीच होती. ओडीएन गोल्डफिशची भूकही मारतं, पण तिथे त्याची वाट वेगळी आहे. भुकेचा परिणाम दुसऱ्याच ग्राहीमार्फत होतो आणि पुढे अल्फा-एमएसएच व सीआरएचच्या साखळीत जातो. एकच रेणू, दोन ग्राही, दोन परिणाम, आणि दोन्हींचा अर्थ माशासाठी एकच: ‘आता बाहेर पडायची वेळ नाही.’

याच्या विरुद्ध बाजूला एनपीवाय आहे. सस्तन प्राण्यांमध्ये भूक वाढवणाऱ्या सर्वांत ताकदवान पेप्टाइडांमध्ये त्याची गणना होते. गोल्डफिशच्या मेंदूत सोडलं की तोही भरपूर खातो. मासा उपाशी ठेवला की त्याच्या मेंदूत एनपीवायच्या जनुकाचं काम वाढतं. आणि मात्सुदांच्या गटाला दिसलं की एनपीवाय दिलेला गोल्डफिश वरच्या भागात लवकर येतो, काळ्यातून पांढऱ्या भागातही अधिक मोकळेपणाने जातो. तो धीट झालेला असतो.

भुकेल्या माशाच्या बाजूने पाहिलं की हे सगळं जुळून येतं. पोट रिकामं आहे, तर अन्न शोधायला निघालंच पाहिजे. पण भीती तेवढीच राहिली तर भूक असूनही मासा तळ सोडणार नाही. म्हणून जो रेणू ‘खा’ सांगतो तोच ‘फार घाबरू नकोस’ असंही सांगतो. उलट शिकारी जवळ असताना अन्न समोर असूनही खाणं घातक ठरू शकतं. तेव्हा जो रेणू ‘लप’ सांगतो तोच भूकही बंद करतो. दोन वेगळ्या यंत्रणांनी आपापसात भांडत बसण्यापेक्षा एकाच रेणूने दोन्ही कामं करणं जास्त भरवशाचं. आपल्याला काळजीत अन्न गोड लागत नाही, हा योगायोग नसावा.

इंजेक्शनने दिलेल्या मात्रेवर एक शंका नेहमी घेतली जाते, आणि ती रास्त आहे: मेंदूत एकदम एवढं पेप्टाइड सोडणं नैसर्गिक आहे का? म्हणून उलट बाजूनेही तपासायला हवं, पेप्टाइड काढून टाकलं तर काय होतं? जपानमधल्या कागोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 साली क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने एनपीवायचं जनुक बंद पाडलेले झेब्राफिश तयार केले. हे मासे सोबत्यांच्या जवळ कमी जात होते, आणि तणाव दिला की जास्त थिजत होते. दिलं तर धीट, काढलं तर भित्रा. पुरावा दोन्ही बाजूंनी मिळाला की विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता सीआरएचकडे परत येऊ, कारण मेंदूतली दवंडी शरीरापर्यंत तेच पोचवतं. तणाव आला की हायपोथॅलॅमसमधून सीआरएच सुटतं, पीयूषिका ग्रंथी एसीटीएच सोडते, आणि ते रक्तातून मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशींपर्यंत जाऊन कॉर्टिसॉल तयार करवतं. माशांना आपल्यासारखी मूत्रपिंडावर टोपी घातलेली ॲड्रिनल ग्रंथी नसते, पण संप्रेरक मात्र तेच, कॉर्टिसॉल. उंदरांमध्ये मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरोन असतं. या एका बाबतीत मासा उंदरापेक्षा आपल्या जवळचा आहे.

कॉर्टिसॉल वाढलं की ते मेंदूत परत जाऊन सीआरएचला ‘पुरे’ म्हणतं. हा परतीचा निरोप ऐकणारं ग्राही प्रथिन बिघडलं तर? हेर्विग बायर यांच्या गटाने 2013 साली असेच झेब्राफिश अभ्यासले. त्यांच्यात ‘पुरे’ ऐकूच येत नसल्याने सीआरएच आणि कॉर्टिसॉल दोन्ही सतत चढलेले. नव्या टाकीत सोडले की हे मासे जागच्या जागी थिजत. सामान्य मासा त्याच टाकीत पुन्हा पुन्हा सोडला की सरावतो, हे सरावत नव्हते. पाण्यात फ्लुओक्सेटिन, म्हणजे नैराश्यावरचं माणसांचं औषध, घातल्यावर ते पुन्हा हिंडू-फिरू लागले. आणि औषधाशिवायही एक गोष्ट उपयोगी पडली: काचेपलीकडे दुसरा मासा दिसला की ते सावरत.

भीती आवरण्यासाठी मेंदूत आणखीही व्यवस्था आहेत. जर्मनीतल्या संशोधकांनी 2022 साली झेब्राफिशच्या पिल्लांमध्ये गॅलॅनिन हे पेप्टाइड बनवणाऱ्या पेशी नष्ट करून पाहिल्या, तर काही त्रास न देताही पिल्लं तणावात राहू लागली. म्हणजे त्या पेशी तणाव आवरतात. पण गॅलॅनिन स्वतः त्याच पेशींना दाबतं, असंही त्यात दिसलं. एखादं पेप्टाइड ‘चांगलं’ किंवा ‘वाईट’ असं लेबल लावणं म्हणूनच अवघड होतं. ते कुठल्या पेशीतून, कुठल्या पेशीवर, कुठल्या वेळी पडतं यावर सगळं अवलंबून असतं.

काचेपलीकडच्या त्या दुसऱ्या माशाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. झेब्राफिश थव्याने राहतो, आणि सोबत असणं किंवा नसणं हे त्याच्या मेंदूत रेणूंच्या भाषेत लिहिलं जातं. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक मेंदू संशोधन संस्थेत एरिन शुमन यांच्या गटाने 2020 साली याचा सुंदर पुरावा दिला. एकटे वाढवलेले आणि थव्यात वाढवलेले झेब्राफिश घेऊन कुठली जनुकं वेगळी वागतात हे त्यांनी पाहिलं, तेव्हा पीटीएच-2 हे पेप्टाइड उठून दिसलं. एकट्या माशात ते जवळजवळ नाहीसं होतं. सोबती मिळाले की अर्ध्या तासात पुन्हा वाढू लागतं. मग प्रश्न आला, माशाला सोबत आहे हे कळतं कशावरून? सोबती नुसते दिसून भागलं नाही, त्यांचा वास येऊनही नाही. माशाच्या कुशीवर एक संवेदनरेषा असते, ती पाण्यातली हालचाल टिपते. सोबत्यांच्या पोहण्याने हलणारं पाणी या रेषेला जाणवलं की पीटीएच-2 वाढतं. संशोधकांनी खऱ्या माशांऐवजी माशांच्या पोहण्यासारखी कृत्रिम हालचाल पाण्यात करून पाहिली, तरीही ते वाढलं. एकटेपणा पाण्याच्या थरथरीवरून ओळखला जातो आणि मेंदूतल्या एका पेप्टाइडच्या पातळीत उतरतो, हे वाचल्यापासून माशांच्या थव्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो.

थव्यामुळे धीर मिळतो, तशी भीतीही पसरते. मधमाश्यांच्या नाचाच्या अभ्यासासाठी पुढे नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. जखमी झालेला मिनो मासा थव्यात परत सोडला की बाकीचे मासे घाबरून दूर जातात. जखमी कातडीतून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि त्याचा वास इतरांना धोक्याची सूचना देतो. झेब्राफिश याच मोठ्या गटातला मासा, त्याच्यातही हे द्रव्य आहे. प्रयोगशाळेत भीती निर्माण करायला आज तेच वापरतात.

पण वास न येताही भीती पोचते. पोर्तुगालमधल्या गुल्बेंकियन संस्थेत रुई ओलिव्हेरा यांच्या गटाने 2023 साली असा प्रयोग केला: काचेच्या एका बाजूच्या माशांना ते द्रव्य दिलं, दुसऱ्या बाजूच्या माशाला ते नुसते दिसत होते. पाहणारा मासाही थिजला. ज्या झेब्राफिशांमध्ये ऑक्सिटोसिन किंवा त्याचे ग्राही जनुकीय बदलाने काढून टाकले होते, ते मात्र शेजाऱ्यांची घाबरगुंडी पाहूनही आपल्या नादात पोहत राहिले. ऑक्सिटोसिन नसलेल्यांना ते टोचून दिल्यावर तेही इतरांसारखे थिजू लागले. माशातल्या ऑक्सिटोसिनला आयसोटोसिन असंही म्हणतात. ते नऊ अमिनो आम्लांचं आहे आणि आपल्यातल्यापेक्षा किंचितच वेगळं. मिलानमधल्या संशोधकांनी 2012 साली हेच पेप्टाइड झेब्राफिशला देऊन पाहिलं होतं, तेव्हा मासे सोबत्यांकडे जास्त ओढले गेले आणि शिकाऱ्यासमोर कमी घाबरले. वरवर हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, एकात भीती घ्यायला मदत, दुसऱ्यात भीती कमी. माझ्या मते दोन्हींत समान धागा सोबत्यांचा आहे. ऑक्सिटोसिन माशाला इतरांकडे लक्ष द्यायला लावतं. इतर शांत असतील तर त्यात धीर आहे, घाबरलेले असतील तर इशारा.

मेंदूत हे सगळं नेमकं कुठे घडतं याची चर्चा इथे आवरती घेतो. फक्त हाबेन्युला या अगदी लहान भागाचा उल्लेख हवा. जपानच्या रिकेन संस्थेत 2010 साली त्यातली एक वाट बंद केल्यावर झेब्राफिश पळून जायच्या ऐवजी थिजू लागले. मलेशियातल्या मोनाश विद्यापीठात ईश्वर परहार आणि सातोशी ओगावा यांच्या गटाने 2014 साली त्याच भागातलं किसपेप्टिन तपासलं. सस्तन प्राण्यांत हे पेप्टाइड वयात येण्यासाठी ओळखलं जातं. झेब्राफिशला ते दिल्यावर धोक्याच्या द्रव्याची भीती कमी झाली.

यावरून माणसांसाठी औषध लवकरच येणार असं कुणी सांगितलं तर सावध राहावं. सीआरएचचे ग्राही अडवणारी औषधं प्राण्यांमध्ये आशादायक होती, पण चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांवरच्या चाचण्यांमध्ये ती निष्प्रभ ठरली. त्याच गटातल्या क्रिनेसरफॉन्टला अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मान्यता मिळाली, ती ॲड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात विकारासाठी. एनपीवायच्या बाबतीत माणसांमधला पुरावा जरा आश्वासक आहे. अमेरिकन लष्कराच्या खडतर प्रशिक्षणात विशेष दलांच्या सैनिकांच्या रक्तात ते इतरांपेक्षा जास्त वाढलेलं आढळलं होतं. हा अभ्यास 2000 सालचा. पण रक्तातलं पेप्टाइड आणि मेंदूतलं पेप्टाइड या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाहेरून दिलेलं पेप्टाइड मेंदूपर्यंत पोचवणं हीच मोठी अडचण आहे.

माशा-माशांतही फरक आहेत. एमसीएच हे पेप्टाइड 1983 साली जपानमध्ये साल्मन माशाच्या पीयूषिकेतून मिळालं. उंदरांमध्ये ते भूक वाढवतं, गोल्डफिशमध्ये कमी करतं. शिवाय या माशांच्या पूर्वजांमध्ये कधीतरी अख्खा जनुकसंच दुप्पट झाला, त्यामुळे कितीतरी पेप्टाइडांची त्यांच्यात दोन-दोन जनुकं आहेत. एक बंद पाडलं तर दुसरं काम सांभाळू शकतं. झेब्राफिशचा संपूर्ण जनुकसंच 2013 साली प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना त्यात निदान एक जोडीदार सापडतो, हा आकडा सगळे सांगतात. उरलेल्या 30 टक्क्यांचीही आठवण ठेवायला हवी.

या विषयात आपल्याकडेही जुनं आणि चांगलं काम झालं आहे. नागपूर विद्यापीठात निशिकांत सुभेदार यांच्या गटाने मागूर माशाच्या मेंदूत एनपीवाय कुठे-कुठे आहे याचे बारकाईने नकाशे काढले. पुढे पुण्याच्या आयसरमध्ये ते आणि अर्णब घोष यांच्या गटाने 2014 साली झेब्राफिशच्या मेंदूत कार्ट या पेप्टाइडची चार जनुकं कुठे काम करतात आणि माशाला मिळणाऱ्या अन्नानुसार ती कशी बदलतात हे दाखवलं. असे नकाशे बातमीत येत नाहीत. पण कुठलं पेप्टाइड कुठे आहे हे माहीत नसेल तर पुढचा एकही प्रयोग उभा राहत नाही.

घरात मासे पाळणाऱ्यांना या संशोधनातून लगेच घेण्यासारखं बरंच आहे. झेब्राफिशसारखा थव्याचा मासा एकटा ठेवू नये. सहा-आठ तरी एकत्र असावेत, आणि तेही एकमेकांच्या हालचालीचं पाणी जाणवेल असे एकाच टाकीत. लपायला वनस्पती आणि गडद तळ असावा. जाळीने उचलणं शक्य तितकं टाळावं. आणि नवा मासा आणल्यावर पहिले एक-दोन दिवस तो खात नाही म्हणून घाबरून वरून अन्न ओतत राहू नये. भीती ओसरेपर्यंत त्याची भूक त्याच रेणूंनी बंद केलेली असते. न खाल्लेलं अन्न कुजून पाण्यात अमोनिया वाढतो, आणि तो त्या भीतीपेक्षा जास्त मासे मारतो.